पाचट कुजवणारी टोळी : सेल्युलेज आणि मातीत पुरलेली फडकी



मागच्या आठवड्यात फाटक्या फडक्यांचे फोटो टाकले होते. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की ऊसवाल्याच्या रानात चिंध्या कशाला? आज ते सविस्तर लिहितो. थोडं लांबेल. पण खोडवा ठेवणाऱ्यानं एकदा वाचावं असं आहे. कृषी सहायक आणि कॉलेजची पोरं पण हे पान वाचतात, त्यांनी खाली आपली भर घालावी.

विषय आहे सेल्युलेज. नाव अवघड वाटतं, पण हे काम आपल्या रानात, उकिरड्यात आणि गाईच्या पोटात रोज चालू असतं. पाचट, भुसकट, पऱ्हाट्या, गव्हाचं काड या सगळ्यांचा सांगाडा सेल्युलोजचा. सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमच्या कुटुंबाला सेल्युलेज म्हणतात. कुटुंब म्हणायचं कारण, हा एक गडी नाही. ही टोळी आहे.

आधी आमच्या घरातला प्रश्न सांगतो, कारण हे सगळं तिथनं सुरू झालं.

नदीकाठचं अडीच एकर रान आमचं दोघा भावांचं सामाईक आहे. काळी जमीन. जानेवारीत ऊस गेला. तोडणी टोळी गेल्यावर रानात गुडघाभर पाचट. वाढं जनावरांना गेलं, पाला तिथंच. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, काडी लावू. दोन तासात रान मोकळं."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पाचटातनं सरीत पाणी पुढं सरकत नाही. उंदीर होतात. पाचट सरीत दाबायला, बुडखे छाटायला माणसं लागतात आणि मजुरी त्याच्या खिशातनं पण जाते. वर वाळलं पाचट आपण राखायचं आणि शेजारच्या रानातली ठिणगी उडून सगळंच पेटायचं, तसं आमच्या शिवारात झालेलं आहे. एकाच्या ठिबकच्या नळ्या त्यात वितळल्या.

माझं म्हणणं एवढंच होतं, की माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आलाय. नांगरट केली की ढेकळं निघतात, ती पावसापर्यंत फुटत नाहीत. हीच जमीन वडलांच्या वेळी बैलाच्या नांगराला मऊ लागायची. पाचटात सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के, नत्र साधारण अर्धा टक्का आणि पालाश एक टक्क्याच्या आसपास असतं. काडी लावली की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं. पालाश राखेत राहतं, पण राख वाऱ्यानं आणि पाण्यानं कुठं जाते ते आपण बघतोच. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे ट्रॉल्या भरून खत. ते जाळायचं आणि मग शेणखताची ट्रॉली विकत घ्यायची, हे मला पटत नव्हतं.

शेवटी भावानं अट घातली. "एक खोडवा तुझ्या मनासारखं. पण नुसतं सांगू नको, दाखव. फरक दिसला नाही तर पुढच्या साली मी पेटवणार." सामाईक रान आहे, त्यालाही तेवढाच हक्क आहे. मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस दारात आला. बाटलीत "सेल्युलेज एन्झाइम" आहे, एकरी एवढं फवारा, महिन्यात पाचट गायब. किंमत ऐकून मी चहा दिला आणि विचारलं, "ह्यात जिवंत काय आहे?" तो म्हणाला, "एन्झाइम आहे ना साहेब." भावाचा पोरगा कृषी पदविकेला आहे, तो शेजारीच बसला होता. माणूस गेल्यावर तो म्हणाला, "आबा, एन्झाइम जिवंत नसतं. ते प्रोटीन असतं. ते पोरं घालत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मग त्याच्याकडनं आणि त्याच्या पुस्तकांतनं जे समजलं, ते माझ्या भाषेत लिहितो.

सेल्युलोज म्हणजे साखरच. ग्लुकोजचे मणी एकाला एक जोडून केलेली लांब माळ. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च पण ग्लुकोजचीच माळ आहे. फरक फक्त मणी जोडायच्या गाठीत. स्टार्चची गाठ आपल्या पोटात सुटते, सेल्युलोजची सुटत नाही. म्हणून भाकरी पचते आणि कडबा पचत नाही. गाठ वेगळी असल्यामुळं सेल्युलोजच्या माळा सरळ राहतात, एकमेकीला घट्ट चिकटतात आणि त्यांचा पीळ बसतो. दाव्याचा पीळ बघा, एक धागा तोडायला सोपा, पण दावं बैलाला पण तुटत नाही. १८३८ मध्ये आन्सेल्म पायेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं झाडाच्या सांगाड्यातला हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा करून दाखवला.

हे दावं सोडवायला तीन प्रकारचे गडी लागतात.

पहिला दाव्याच्या मधेच कोयता मारतो. कुठं सैल दिसेल तिथं तोडतो, त्यामुळं एका दाव्याची अनेक टोकं होतात. याला एन्डोग्लुकॅनेज म्हणतात.

दुसरा टोक धरतो आणि तिथनं दोन-दोन मण्यांचे तुकडे काढत पुढं जातो. हा एक्झोग्लुकॅनेज. पहिल्यानं टोकं केली नाहीत तर याला काम नाही.

तिसरा त्या दोन मण्यांच्या जोडीचे दोन सुटे मणी करतो. हा बीटा-ग्लुकोसिडेज. मणी सुटे झाले की ती साधी साखर, ती बुरशी आणि जिवाणू खातात.

आता ऊसतोड डोळ्यासमोर आणा. तोडणारा तोडतो, दुसरा मोळी बांधतो, तिसरा गाडी भरतो. गाडी भरणारा आला नाही तर काय होतं? मोळ्यांचा ढीग पडतो, फडात पाय ठेवायला जागा राहत नाही आणि कोयता थांबतो. इथंही तसंच. जोड्या उचलल्या गेल्या नाहीत तर त्या जोड्याच दुसऱ्या गड्याचा हात धरून ठेवतात. शास्त्रज्ञांनी हे मोजलेलं आहे. म्हणजे एक गडी कितीही जोमाचा असला तरी टोळी पुरी नसली तर काम तुंबतं. २०१० नंतर चौथा गडीही ध्यानात आला. तो पीळ घट्ट असलेल्या जागी ऑक्सिजनच्या मदतीनं खाच पाडतो आणि बाकीच्यांना शिरायला वाट करून देतो.

या टोळीचा सगळ्यात नावाजलेला मुकादम म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी. तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं सैन्य पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर होतं. तिथं पाऊस आणि दमट हवा. सैन्याचे सुती तंबू, पट्टे, कपडे बघता बघता कुजायला लागले. कशामुळं कुजतात ते शोधायला नमुने अमेरिकेत नेले. त्यात ही बुरशी सापडली. तिच्या मूळ वाणाला क्यूएम ६ ए म्हणतात, त्यातलं क्यूएम म्हणजे सैन्याचं कोठार सांभाळणारं खातं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकच्या सैनिकी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आधी तिला ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजत होते. १९७७ मध्ये ती वेगळी जात ठरली आणि रीस यांच्यावरून नाव पडलं.

सुरुवातीला काम होतं बुरशीला थांबवायचं. पुढं पेट्रोल महागलं आणि तीच माणसं उलट बाजूनं विचार करायला लागली, की हिच्याकडनं काडाकचऱ्याची साखर करून घेता येईल का. आज जगभर कारखान्यात जे सेल्युलेज बनतं, त्यात या तंबू खाणाऱ्या बुरशीच्या वंशाचा मोठा वाटा आहे. जीन्सचं कापड मऊ आणि फिकट करायला, कपडे धुवायच्या पावडरीत, कोंबडीच्या खाद्यात ते जातं. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. तिथं भाताच्या पेंढ्यापासनं इथेनॉल काढतात. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि त्यातनं तीन कोटी लिटर इथेनॉल असा त्याचा आराखडा आहे. त्याचं तंत्र आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. तिथं पण नुसतं एन्झाइम ओतत नाहीत. आधी पेंढा उष्णता आणि रसायनानं मोकळा करावा लागतो, मग एन्झाइमला आत शिरता येतं. कारण सेल्युलोजच्या भोवती लिग्निन असतं, ते सिमेंटसारखं. सेल्युलेज लिग्निन तोडत नाही. ते तोडायला लाकूड कुजवणाऱ्या वेगळ्या बुरशा लागतात, धिंगरी अळिंबी त्यातलीच.

आता बाटलीकडं येऊ. कारखान्यातलं हे सेल्युलेज साधारण ५० अंश उष्णतेला आणि ५ च्या आसपास सामूला जोमानं चालतं. आमच्या काळ्या रानाचा सामू ८. फेब्रुवारीत पहाटे सरीतली माती गार. वर ऊन. प्रोटीन असल्यामुळं मातीतले इतर जीव एन्झाइम पण खातात, आणि काळ्या मातीच्या कणाला ते चिकटूनही बसतं. टाकीत चालणारी गोष्ट रानात तशीच चालेल असं धरून चालणं बरं नाही. बुरशी मात्र जिवंत असते. ती पाचटावर वाढते, धागे पसरते आणि जिथं गरज तिथं एन्झाइम सोडते. तिला तोंड नाही, पोट नाही. ती बाहेरच पचवते आणि मग रस शोषते. म्हणून आपण एन्झाइम विकत घ्यायचं, का एन्झाइम करणाऱ्याला रानात पोसायचं, हा खरा प्रश्न. मी दुसरी वाट धरली.

पोसायचं म्हणजे काय? इथं गाईकडं बघा. गाय स्वतः सेल्युलेज बनवत नाही. तिच्या कोटीपोटात जिवाणू, बुरशा आणि बारीक जीव असतात, ते बनवतात. गाय त्यांना काय देते? ओल, ऊब, चावून बारीक केलेला चारा, आणि सरकी-पेंडीतनं नत्र. नुसत्या वाळल्या काडावर जनावर ठेवलं तर पोट भरलेलं दिसतं पण अंगाला लागत नाही, कारण आतल्या जीवांना नत्र कमी पडतं. म्हणून तर काडावर चार टक्के युरियाची प्रक्रिया करून चारा देतात. सरीतलं पाचट म्हणजे बाहेर पसरलेलं पोटच समजा. त्याला पण त्याच चार गोष्टी लागतात.

नत्राचा हिशेब असा. पाचटात कर्ब धरा ४० आणि नत्र अर्धा. म्हणजे एक किलो नत्रामागं ८० किलो कर्ब. जीवाणूंना साधारण ३० ला एक लागतं. राहिलेलं नत्र ते मातीतनं उचलतात, म्हणजे उसाच्या ताटातनं. म्हणून पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो आणि लोक म्हणतात पाचट मानवत नाही. पाचटाचं नत्र वेगळं दिलं नाही, एवढंच त्याचं कारण.

आम्ही शिफारशीप्रमाणं केलं. बुडख्यावरचं पाचट ओढून सरीत घेतलं. बुडखे जमिनीलगत छाटले. सरीतल्या पाचटावर एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं आणि लगेच पाणी दिलं, युरिया वर वाळत ठेवला नाही. वाफसा आल्यावर पाचट कुजवणारं संवर्धन एकरी चार किलो शेणकाल्यात कालवून टाकलं आणि पाचट पायानं दाबून मातीला टेकवलं. पहिल्या पाण्याला त्रास झाला हे खरं. सरी तुंबली, भावानं दोनदा फावडं घेऊन वाट केली आणि माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या पाण्याला पाचट बसलं होतं, पाणी नीट गेलं.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो. छाटलेल्या बुडख्यावर कार्बेन्डाझिम फवारायची शिफारस आहे. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं. म्हणून फवारा फक्त बुडख्यावर घेतला, पाचटावर जाऊ दिला नाही, आणि संवर्धन नंतर काही दिवसांनी टाकलं. हे दोन्ही एकाच पंपात घालणारे लोक मी बघितलेत.

आता फडक्यांचं. भावाला दाखवायचं होतं आणि पाचट किती कुजलं हे डोळ्यानं नेमकं कळत नाही. पोरगा म्हणाला, सुती कापड म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, ते पुरून बघू. परदेशात शेतकरी सुती चड्ड्या पुरून जमीन जिवंत आहे का बघतात म्हणे. आम्ही मांजरपाट आणला, त्याचे सारखे तुकडे केले, कडा उसवू नयेत म्हणून शिंप्याकडनं शिवून घेतल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चार बोटं खोल पुरले आणि काठ्या रोवल्या. जागा चार.

पहिली जागा, सरीत पाचटाखाली, युरिया-सुपर आणि संवर्धन दोन्ही.

दुसरी, तसंच पण संवर्धन नाही. तीन सऱ्या मुद्दाम तशा ठेवल्या होत्या.

तिसरी, वरच्या बांधाकडंला. तिथं पाचट आहे, संवर्धन पण टाकलं, पण पाणी पोचत नाही आणि युरिया टाकला नाही.

चौथी, बांधापलीकडं शेजाऱ्याच्या रानात. त्यांनी पाचट पेटवलं होतं, पाणी आमच्यासारखंच. त्यांना विचारून पुरलं. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

साठ दिवसांनी भावाला घेऊन उकरलं.

पहिल्या जागेचं कापड उचलताच येईना. हातात आली ती शिवणीची चौकट. दोरा पॉलिस्टरचा, तो शाबूत, आतलं कापड मातीत मिसळलेलं. ज्याला सेल्युलोज म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल त्यानं तो फोटो बघावा. एकाच जागी, एकाच ओलीत, सूत गेलं आणि पॉलिस्टर राहिलं. एन्झाइम फक्त आपल्या गाठीलाच हात घालतं.

दुसऱ्या जागेचं कापड थोडं जास्त शिल्लक होतं, पण तेही चाळणीसारखं. पहिल्यात आणि दुसऱ्यात फरक होता, पण मला वाटला होता तेवढा नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्या मातीत आणि पाचटावर कुजवणारे जीव आधीच असतात. त्यांना ओल आणि नत्र मिळालं की ते पण काम करतात. संवर्धनानं सुरुवात लवकर होते असं मला दिसलं. तीन सऱ्यांवरनं याहून मोठं काही सांगणार नाही.

तिसऱ्या जागेचं कापड धुतलं तर परत वापरता येईल असं निघालं. मातकट झालेलं, दोन-चार काळे ठिपके, बाकी अखंड. संवर्धन तिथं पण टाकलं होतं. पाणी नाही, नत्र नाही, तर बुरशी काय करणार? उपाशी गड्याच्या हातात कोयता दिला म्हणून ऊस तुटत नाही.

चौथ्या, पेटवलेल्या रानातलं कापड अर्धवट. काही ठिकाणी भोकं, काही ठिकाणी धडधाकट. ती जमीन मेलेली नाही, असं म्हणणं शेजाऱ्यावर अन्याय होईल. ओल होती, तेवढं काम झालं. पण तिथं कुजवणाऱ्या जीवांना खायला नवीन काही पडलेलंच नाही.

पाचटाचं सांगायचं तर सरीतला खालचा थर काळा, हातात चुरा होणारा, पांढरे धागे पसरलेले, आणि पहिल्या पावसासारखा वास. तो वास ॲक्टिनोमायसिटीज नावाच्या जिवाणूंचा. तेही सेल्युलेज करतात. वरचा थर मात्र अजून पिवळा आणि कोरडा. एन्झाइम पाण्यातनंच चालतं आणि ज्याला चिकटेल तेवढंच तोडतं. जे मातीला टेकलं ते कुजलं, जे अधांतरी राहिलं ते राहिलं. पुढच्या वेळी पाचट कुट्टी यंत्र भाड्यानं घ्यायचा विचार आहे. बारीक झालं की टोकं वाढतात आणि जास्त पाचट मातीला लागतं.

मधे तिसऱ्या आठवड्यात खोडव्याचे फुटवे जरा फिकट झाले होते. भाऊ बांधावर उभा राहून म्हणाला, "बघ दादा, पिवळा पडला." हे थोडं होणार हे ठाऊक होतं, म्हणून खताचा पहिला हप्ता पंधराव्या दिवशीच पहारीनं बुडख्याजवळ खोल दिला होता, पाचटावर फेकला नव्हता. मुळाजवळ दिलेलं मुळाला मिळतं, वर टाकलेलं पाचटातले जीव आधी उचलतात. पुढच्या दोन आठवड्यांत रंग परत आला. पाण्याची पाळी पण चार-पाच दिवसांनी लांबली, पाचटाखाली ओल टिकत होती. उन्हाळ्यात मोटार रात्री एक वाजता चालू करायला उठावं लागतं, त्यात भाऊच जास्त उठतो. मला वाटतं फडक्यापेक्षा ते त्याला जास्त पटलं.

तो अजून पूर्ण राजी नाही. उंदरांचं त्याचं म्हणणं खरं आहे, या साली जास्त बिळं दिसली. एका खोडव्यानं कर्ब वाढला असं मी पण म्हणणार नाही, त्याला वर्षं लागतात. कुजताना पाचटातला बराचसा कर्ब हवेतच जातो, जीवांच्या श्वासातनं. थोडा मातीत टिकतो, तोच आपला. पण बांधावर त्यानं सांगितलं, "एक साल अजून ठेवू." सामाईक रानात एवढं मिळालं तरी पुष्कळ.

ज्यांना करून बघायचं त्यांच्यासाठी थोडक्यात :

१. पाचट मातीला टेकलं पाहिजे आणि ओलं राहिलं पाहिजे. हे नसेल तर बाकीचा खर्च करू नका.

२. पाचटाचं नत्र वेगळं, उसाचं वेगळं. टनाच्या हिशेबानं ढीग लावून कुजवत असाल तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो संवर्धन.

३. संवर्धन घेताना त्यात जिवंत काय आहे, मुदत कधीची, आणि पिशवी दुकानात उन्हात ठेवली होती का, हे बघा. वेगवेगळ्या बुरशांचं मिश्रण असेल तर बरं. रीसाय बुरशीकडं तिसरा गडी कमी असतो, ॲस्परजिलस नायजरकडं तो भरपूर असतो. टोळी पुरी होते.

४. ड्रममध्ये गूळ घालून जीव वाढवायचे ते ठीक. पण पाचटावर जादा गूळ ओतू नका. आयती साखर मिळाली की ट्रायकोडर्मा सेल्युलेज बनवणं आवरतं घेते. घरात जेवण तयार असताना कोण कोयता घेऊन फडात जाईल?

५. बुरशीनाशक आणि बुरशीचं संवर्धन एका वेळी नको.

६. मांजरपाटाचा तुकडा दहा-वीस रुपयांत येतो. कोणतीही महाग बाटली घ्यायच्या आधी चार जागी पुरा, काठी रोवा, साठ दिवसांनी बघा. टेरिकॉट घेऊ नका, ते कुजणार नाही. आपल्या रानाला विचारायची ही सगळ्यात स्वस्त रीत आहे.

ज्यांच्याकडं चोपण किंवा खारवट जमीन आहे त्यांनी हे करून त्यांचा अनुभव जरूर लिहावा. आमच्या नदीकाठाला अशी जमीन वाढत चालली आहे आणि तिथं पाचट किती दिवसांत कुजतं हे मला बघायचं आहे. कापूसवाल्यांनी पऱ्हाटीचं सांगावं, तिच्यात लिग्निन जास्त, तिचं गणित वेगळं असणार. पुढच्या माती परीक्षणाचा कागद आला की आकडा चांगला असो वाईट असो, इथं टाकीन.